चौदा फुटी की अठरा फुटी

३ मे

दादा,

फोन सोडून हे पत्राचं काय काढलंय, असं तू म्हणशील. फोन बाहेरच्या खोलीत, बाबाही बाहेरच्या खोलीत, आणि हल्ली ते वर्तमानपत्र तोंडासमोर धरून, पान न उलटता माझं बोलणं ऐकत बसतात. म्हणून फोनवर मी तुला हवापाणी सांगते आणि तू मला हवापाणी सांगतोस. मला जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. शाळेच्या ऑफिसात, दाखल्यांच्या गठ्ठ्याआड बसून लिहितेय.

आपली जुनी होडी गेली. बुडाली नाही, घाबरू नकोस. तळाच्या दोन फळ्या इतक्या कुजल्या होत्या की सुतारानं अंगठा दाबला आणि अंगठा आत गेला. त्यानं बाबांकडे बघितलं, बाबांनी त्याच्याकडे बघितलं, आणि दोघंही चहा प्यायला निघून गेले. बत्तीस वर्षांचा कारभार तेवढ्यावर आटोपला.

आता होडीवाल्यानं ॲल्युमिनियमच्या दोन होड्या धक्क्याला आणून बांधल्यात. बाबा त्याचं जुनं गिऱ्हाईक, म्हणून म्हणाला, जूनअखेरपर्यंत दोन्ही वापरून बघा, फक्त तलावात ते तांबडं पिंप तरंगतं त्याच्या पुढे नेऊ नका. एक चौदा फुटी आहे. बसायला तीन आडव्या फळ्या, मागे छोटं इंजिन, त्याचा दांडा धरून वळवायची. तिचे काठ माझ्या गुडघ्याएवढे. दुसरी अठरा फुटी. तिला मोटारीसारखं स्टिअरिंग आहे, पुढे काच आहे, काठ कमरेपर्यंत येतात, आणि इंजिन एवढं दांडगं की नुसतं बघूनच मला धडकी भरली.

पण पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा जेवताना बाबांनी मला विचारलं, "चिमे, तुला कुठली बरी वाटते?"

मला विचारलं, दादा. मी दहाव्या वर्षानंतर होडीत पाऊल ठेवलेलं नाही हे त्यांना ठाऊक आहे. आणि त्यांनी आजवर कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. हे घर कुठे बांधायचं ते आईला त्यांनी पाया भरून झाल्यावर नेऊन दाखवलं होतं. तो माणूस मान खाली घालून मला विचारतो, याची मला फार भीती वाटली. मी "बघू" म्हणाले आणि ताट उचलून आत गेले.

अडुसष्ट वर्षांचे आहेत आणि रोज एकटे जाळं टाकायला जातात. सकाळी दहापर्यंत परत येतात. ऑफिसच्या खिडकीतून पाणी दिसतं. दहा वाजून गेले आणि होडी दिसली नाही की माझ्या हातून पोरांच्या दाखल्यांवर भलत्याच जन्मतारखा पडतात. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी माझी खुर्ची भिंतीकडे फिरवून ठेवली. त्यानं काही फरक पडला नाही, आता मी उठून बघायला जाते.

तू पत्र्याच्या कामातला माणूस आहेस. कुठली घ्यावी ते नीट लिही. अजून एक लिहायचं होतं, पण लिहून काढलं की ते खरं वाटायला लागेल, म्हणून राहू दे.

तुझी,
चिमी


११ मे

चिमे,

अठरा फुटी. यात विचार करण्यासारखं काही नाही.

तू पत्र्यातला माणूस म्हणून विचारलंयस तर पत्र्यातलं सांगतो. चौदा फुटीचे जोड रिव्हेटचे असणार. पाच-सात वर्षं लाटा आपटल्या की रिव्हेट सैल होतात आणि होडी घाम आल्यासारखी पाझरायला लागते. अठरा फुटीचे जोड वेल्डिंगचे असतील, तळाचा पत्राही जाड असेल. आपल्या तलावाच्या लाटा आखूड आणि उभ्या, तिथे चौदा फुटी म्हणजे परातीत बसून जाण्यातला प्रकार. अठरा फुटीचे काठ कमरेपर्यंत आहेत असं तूच लिहितेस. म्हणजे माणूस आत राहतो. पडायचा प्रश्न येत नाही. बाकी सगळ्या गोष्टी विसर, एवढं एक बघ, की पडायचा प्रश्न येत नाही.

त्यांनी तुला विचारलं त्यात घाबरण्यासारखं काय आहे? माणूस म्हातारा झाला की विचारतो. तू लहानपणापासून घाबरट. माठात पाणी भरताना तो बुडेल म्हणून रडायचीस, असं आई सांगायची.

होडीवाल्याला आजच सांगून टाक. बाबांना त्या लहान होडीकडे फिरकूसुद्धा देऊ नकोस. तरंगायचं जॅकेट आणून दे आणि ते खुंटीवर न टांगता अंगात घालतात का ते बघ. मी स्वतः येऊन बघितलं असतं, पण इथे एका मोठ्या कारखान्याच्या छताखाली हवेचे डक्ट बसवायचं काम चालू आहे आणि फोरमन रजेचं नाव काढलं की तोंड फिरवतो.

अजून एक लिहायचं होतं म्हणालीस ते काय? अर्धवट लिहून दुसऱ्याचा जीव टांगणीला लावायची सवय तुझी अजून गेलेली नाही.

दादा


१९ मे

दादा,

होडीवाल्याला सांगितलं. मोठी घेऊ म्हटलं. तो खूश झाला, जूनच्या शेवटच्या आठवड्यात खरेदीचे कागद करू म्हणाला. बाबांना अजून बोलले नाही.

आता ते राहिलेलं. बाबांच्या डाव्या हाताची दोन बोटं काम करत नाहीत. कधीपासून ते माहीत नाही, मला फेब्रुवारीत कळलं. कपबशी त्यांच्या हातातून सुटली आणि त्यांनी "बशीच ओली होती" म्हणून बशीला दोष दिला. तेव्हापासून ते डावा हात खिशात घालून बसतात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर जोडे घालून धक्क्यावर निघून जातात. पाण्यावर जाऊ नका असं एकदाच म्हणून बघितलं. दोन दिवस जेवले नाहीत. घरात बसून काय करू, तुझे दाखले लिहू का, म्हणाले.

आणि मार्चमध्ये एकदा ते चिंब भिजून आले. लाट आत आली म्हणाले. पण त्या दिवशी पाणी आरशासारखं होतं, आणि त्यांचे केससुद्धा ओले होते. मी टॉवेल दिला तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहीत.

मला वाटतं बाबांच्या डोक्यावर परिणाम होतोय. रविवारी मी त्यांना जेवायला बोलवायला धक्क्यावर गेले, तर ते अठरा फुटीच्या मागच्या, इंजिन लावतात त्या फळीवर पालथे पडले होते. आधी वाटलं, गेले. मग बघते तर ते डावा हात फळीवरून खाली पाण्याकडे सोडत होते. बोटांची टोकं पाण्याला लागली की थांबायचे, उजव्या हातानं खिशातलं पेन काढायचे आणि फळीचा काठ जिथे येत होता तिथे, स्वतःच्या हातावर, रेघ ओढायचे. मग उठून चौदा फुटीत गेले आणि तिथेही तेच केलं. मी झाडाआड उभी राहून बघत होते. जेवताना बघितलं, एक रेघ कोपराशी होती आणि एक पार खांद्याजवळ. मी विचारलं, हे काय? त्यांनी बाही खाली ओढली आणि म्हणाले, "काही नाही."

दादा, शहाणा माणूस स्वतःच्या हातावर रेघा ओढतो का? मी काय करू? एकोणीस वर्षांत तू चार वेळा घरी आलास आणि चारही वेळा धक्क्यावर पाऊल ठेवलं नाहीस. मी कधी विचारलं नाही. पण आता मला एकटीला हे झेपत नाही.

चिमी


२६ मे

चिमे,

तुझं पत्र काल आलं. जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि नंतर शिडीवर चढताच येईना. फोरमनला पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

बाबांच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. त्या रेघांचा अर्थ सगळ्या जगात फक्त त्यांना आणि मला कळेल, आणि मी तो आजवर कुणाला सांगितलेला नाही. आईलाही नाही. आता सांगतो. वाचून झालं की हे पत्र फाडून टाक, किंवा नको फाडूस, तुझं तू बघ.

मी एकोणीस वर्षांचा होतो. बारावीनंतर त्यांच्याबरोबर रोज जायचो ते तुला आठवत असेल. त्या दिवशी पाणी शांत होतं. जाळं खाली कशात तरी अडकलं होतं, बाबा काठावर गुडघा टेकवून ते सोडवत होते, आणि ते पाण्यात गेले. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. वर आले तेव्हा होडीपासून आठ-दहा हात लांब होते, कारण होडी वाऱ्यानं सरकत होती. माझ्या मांडीवर वल्हं होतं. ते नुसतं पुढे करायचं होतं. मी केलं नाही. मी बसून राहिलो. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण हात उचलला जाईना. त्यांनी मला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही. मग पोहत होडीच्या मागे गेले, इंजिनाच्या खालच्या पात्यावरच्या पट्टीवर पाय ठेवला, आणि मागच्या फळीवरून पोटावर सरकत आत येऊन पडले. बुटांतलं पाणी ओतलं. माझ्या मांडीवरचं वल्हं घेतलं. जाळं ओढायला लागले. घरी आईला म्हणाले, काठावर पाय घसरला. मला एका शब्दानं कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर मी कदाचित राहिलोही असतो.

तीन महिन्यांनी मी इकडे आलो. लोकांना वाटलं, पोरगा काम शिकायला गेला. मी पळालो होतो.

तुला अठरा फुटी घे म्हणून लिहिलं, त्यात पत्र्याचं ज्ञान काही नव्हतं. माणूस पडूच नये, म्हणजे कुणाला हात द्यायची वेळ येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जुन्या होडीची मागची फळी बुटकी होती म्हणून ते त्या दिवशी आत येऊ शकले. एकटा माणूस पाण्यात पडला की काठ जेवढा उंच तेवढा तो मेला, हे मला ठाऊक होतं. आणि ते मी तुला सांगितलं नाही, कारण कसं ठाऊक हे सांगावं लागलं असतं.

बाबा परत आत यायची उंची मोजतायत. तीही डाव्या हातानं. चिमे, याचा अर्थ आपण पडणार हे ते धरून चाललेत. मार्चमध्ये ते पडलेच असणार.

होडीवाल्याला थांबव. काहीही कारण सांग, पण अठरा फुटीचे कागद होऊ देऊ नकोस.

दादा


३ जून

दादा,

पत्र फाडलं नाही. आईच्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांखाली ठेवलंय. बाबा तिथे कधी हात घालत नाहीत.

मला तुझा राग आला का, असं तू विचारलेलं नाहीस, पण सांगते. आला. दोन दिवस आला. मग धक्क्यावर जाऊन बसले आणि विचार केला, माझ्या मांडीवर वल्हं असतं तर मी काय केलं असतं. मग गेला.

होडीवाल्याला थांबवलं. पण नुसतं तुझ्या सांगण्यावरून चौदा फुटी घ्यायला माझं मन घेईना. एकदा तुझं ऐकून मी बाबांना मारायलाच निघाले होते. म्हणून मी स्वतः बघायचं ठरवलं. तू हे वाचून ओरडशील, पण झालं ते झालं.

आपली टपालवाली तुला आठवते का? उंच, रुंद खांद्यांची, कुत्री तिला बघून वाट सोडतात. तिला मी अर्धंमुर्धं सांगितलं. काल बाबा होडीवाल्याकडे इंजिनाचं तेल आणायला गेले तेव्हा आम्ही दोघी धक्क्यावर गेलो. मी बाबांचे जुने बूट घातले, त्यांचा रेनकोट घातला, वर ते तरंगायचं जॅकेट. कमरेला दोर बांधला, त्याचं टोक टपालवालीच्या हातात. मी पाण्यात उतरले.

मला किती भीती वाटली ते मी सांगू शकत नाही. पाणी एवढ्या उन्हाळ्यातही गारठलेलं होतं. श्वास आत जाईना, बाहेरही येईना. बुटांत पाणी भरलं आणि कुणीतरी खालून पाय धरल्यासारखं झालं. पहिल्यांदा मी काही न करता परत धक्क्याची शिडी धरली आणि रडले. टपालवाली म्हणाली, "बाई, घरी जाऊ या." मी नाही म्हणाले.

आधी अठरा फुटी. तिचा काठ पाण्यातून बघितला की भिंतच वाटते. हात वर केला तर बोटांची टोकं जेमतेम कडेला लागतात. मी सहा वेळा उडी मारली. मागे गेले तर तिथे ते दांडगं इंजिन, त्यावर पाय ठेवायची पट्टी इतकी खोल की सापडेना. सातव्या वेळी हात उचललेच नाहीत. त्यातून, होडीवाल्यानं दोर सैल बांधला होता, त्यामुळे ती वाऱ्यानं माझ्यापासून सरकायला लागली. बांधलेली होडी, दादा, आणि मी पोहत तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हते.

मग चौदा फुटी. तिसऱ्या प्रयत्नात पोटावर सरकत आत पडले. तू लिहिलंयस तसंच, पट्टीवर पाय ठेवून. पण मी आत येताना तिचा मागचा भाग एवढा खाली गेला की दोन बादल्या पाणी माझ्याबरोबर आत आलं. आणि मला दोन्ही हात लागले. एका हातानं जमतं का म्हणून पुन्हा उतरले, डावा हात छातीशी धरून. नाही जमलं.

तेवढ्यात बाबा आले. तेलाचा डबा हातात होता. मला पाण्यात बघून ते धक्क्याच्या टोकाशी थांबले. मी हाक मारली, "बाबा, हात द्या." खरंच लागत होता म्हणून मारली, मी पार थकले होते. ते माझ्यापासून चार पावलांवर उभे होते. डबा हातात तसाच. त्यांनी हात दिला नाही. त्यांचा चेहरा मी कधी असा बघितलेला नाही, ओळखूच येत नव्हते. टपालवालीनं दोर ओढून मला वर काढलं.

घरी येऊन त्यांनी मला चहा करून दिला. आयुष्यात पहिल्यांदा. साखर घालायला विसरले. मग समोर बसले आणि सगळं सांगितलं. मार्चमध्ये पडले होते. एप्रिलमध्ये पुन्हा. दुसऱ्या वेळी डावा हात धरेना, जुन्या बुटक्या होडीतही येता येईना. बराच वेळ कडेला लोंबकळत राहिले. एक लाट आली, तिनं उचललं तेव्हा आत पडले. लाट आली नसती तर, असं म्हणाले आणि माझा कप पुढे सरकवला.

मी म्हटलं, मी येत जाईन तुमच्याबरोबर. तर म्हणाले, "तू होडीत बसलीस तर तुलाच धरून ठेवायला एक माणूस लागेल." म्हटलं, मग काय करायचं? म्हणाले, "चौदा फुटी घेऊ नाही तर अठरा फुटी, एकट्याला आता कुठलीच जमणार नाही."

मग म्हणाले, "त्याला लिहितेस ना पत्र? मला दिसतं सगळं. त्याला लिही, माझेही पाय उचलले नाहीत."

एवढंच म्हणाले. मी शब्दही बदललेला नाही.

चिमी


९ जून

चिमे,

सोमवारी दुपारच्या बसनं येतोय. फोरमनला पोटदुखीचं कारण दिलं नाही, खरं सांगितलं. त्यानं महिन्याची रजा दिली.

बाबांना माझ्या वतीनं काही कबूल करू नकोस. मी गेल्या एकोणीस वर्षांत होडीत बसलेलो नाही. काल इथे नदीच्या पुलावर जाऊन कठड्याला हात लावून उभा राहिलो आणि खाली पाणी बघून लगेच परत फिरलो. मी येऊन पुन्हा तसाच बसून राहिलो तर? मागच्या वेळी त्यांना दोन हात होते.

तरी येतोय.

दादा


१८ जून

चिमे,

हे पत्र मी मागच्या खोलीत बसून लिहितोय आणि तू अंगणात कपडे वाळत घालतेयस. परवा टपालवाली ते आपल्याच दारात आणून देईल आणि मला हसेल. पण बाबांनी बजावलंय, घरी बोलायचं नाही. मी बोलत नाहीये.

काल आम्ही दोघंही भिजून आलो. तू नुसते दोन टॉवेल आणून दिलेस आणि आत जाऊन बराच वेळ नळ सोडून ठेवलास. म्हणून तुला कळायला हवं.

पहिले दोन दिवस कसे गेले ते तू बघितलंसच. मंगळवारी मी धक्क्यावरून चौदा फुटीत पाय टाकला आणि तसाच परत काढला. बाबा इंजिन पुसत बसले. बुधवारी बसलो. मधली फळी दोन्ही हातांनी धरून पिंपापर्यंत गेलो आणि आलो. डोळे बहुतेक मिटलेलेच होते. उतरल्यावर मी गवतात ओकलो ते तू बघितलं नसशील.

काल निघताना बाबांनी स्वतःहून जॅकेट घातलं. मी खूश झालो. वाटलं, चला, एवढं तरी ऐकलं. माझ्यासारखा बावळट मीच.

पिंपाजवळ त्यांनी इंजिन बंद केलं. पाणी शांत होतं. जाळं टाकायला उठले असं मला वाटलं. उठले, काठावर पाय ठेवला, आणि पाण्यात गेले. पडले नाहीत, चिमे. जिना उतरावा तसे उतरले.

वर आले. केस डोळ्यांवर आलेले. होडी सरकायला लागली होती. त्यांनी हाक मारली नाही. नुसता डावा हात वर केला, तो न धरणारा, आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी गोठलो. हे मी तुला खोटं सांगणार नाही. अगदी तेच झालं. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि हात माझा नव्हताच. मागच्या वेळी मी त्यांच्या तोंडाकडे मात्र बघितलं नव्हतं. काल बघितलं. त्यांना भीती वाटत होती. बाबांना. स्वतःच्या पायांनी उतरले होते आणि आता मी हात देईन की नाही हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

कधी उठलो ते आठवत नाही. वल्हं पुढे केलं तर त्यांना ते डाव्या हातात धरता येईना, निसटलं. मग मी मागच्या फळीवर पालथा पडलो आणि हात खाली सोडला. आधी मनगट लागलं, तेही सुटलं. मग जॅकेटचा पाठीवरचा पट्टा हाताला लागला. तो धरून ओढलं. होडी एका बाजूला कलली, पाणी आत आलं, मला वाटलं आता दोघंही जातो. ते उजव्या हातानं फळी धरून होते. पुन्हा ओढलं. ते माझ्या अंगावरच येऊन पडले.

आम्ही तसेच पडून राहिलो, घोट्याएवढ्या पाण्यात. त्यांची छाती भात्यासारखी चालली होती. मी रडत होतो, त्यांनी त्याकडे लक्ष दिलं नाही. दम सावरल्यावर म्हणाले, "मोठीतून तुझा हात पोचला नसता. हीच घेऊ."

मग आकाशाकडे बघत म्हणाले, "किती वेळ लागला रे?"

मी म्हटलं, माहीत नाही.

म्हणाले, "मागच्यापेक्षा कमी."

येताना इंजिनाचा दांडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी होडी धक्क्याला जोरात आपटली, पुढच्या पत्र्याला पोचा आला आहे. होडीवाला आता ती आपल्याशिवाय कुणाला विकूही शकणार नाही, असं म्हणून ते हसले. मग घरी बोलायचं नाही म्हणाले.

मी फोरमनला रजा वाढवायचं पत्र लिहिलंय, ते याच्याबरोबरच टाकतोय. पुढचं काय ते अजून ठरवलेलं नाही, त्यामुळे तू विचारू नकोस.

आज सकाळी मी त्यांना विचारलं, आता होडी ठरली, हात देता येतो हेही बघून झालं, मग उद्या सरळ जाळं टाकायला जायचं ना? ते बुटाची नाडी उजव्या हातानं बांधत होते. म्हणाले, जायचं, पण एकदा जमलं म्हणजे जमलं असं नसतं. उद्या पुन्हा उतरणार आहेत. परवाही. कधी, कुठे, ते आधी सांगणार नाहीत. माझी पाठ त्यांच्याकडे असतानाही उतरतील.

चिमे, मला उद्याची आत्तापासून भीती वाटतेय.

दादा